हंड्यावरची थाळी

पोलादपूरच्या शाळेत शिक्षिकेची नोकरी लागली म्हणून तिथे भाड्याची खोली बघायला गेले, तेव्हा घरमालकीणबाईंनी मला आधी पाणी घ्यायला सांगितलं. तांब्याच्या हंड्यावर झाकण होतं ते नारिंगी रंगाचं, जाडजूड, रबराचं. उचललं तर त्यानेच माझी बोटं धरून ठेवल्यासारखं झालं. मी वाईची. आंबेनळी घाटाच्या वळणांनी आधीच हैराण झालेले, आणि त्यात हे असलं झाकण. मला वाटलं, बिरवाडीच्या कुठल्यातरी कारखान्यातून रसायनाच्या पिंपाचं बूच उचलून आणलंय या बाईनं, आणि आता हेच पाणी मला रोज प्यायचंय.

"झाकण होतं तसं ठेव परत," बाई आतून म्हणाल्या. "मुरायला ठेवलीय ती."

काय मुरायला ठेवलंय, पाणी की झाकण, हे विचारायचं धाडस झालं नाही. खोली स्वच्छ होती, शाळा जवळ होती, आणि परत घाट चढून जायची माझ्यात ताकद नव्हती. मी हो म्हणून टाकलं.

बाई आमच्याच शाळेत शिवण शिकवायच्या. पुढे सरकारने त्या विषयाचं नाव कार्यानुभव केलं, पण बाईंनी ते नाव कधी तोंडात घेतलं नाही. उंच, हाडापेराने रुंद, पदर कमरेला खोचलेला आणि साडीखाली पांढरे कॅनव्हासचे बूट. साडीवर बूट घालायची लाज आम्हा बाकीच्या बायकांना वाटायची, त्यांना नाही. लग्न केलं नव्हतं. का नाही केलं म्हणून कुणी खोदून विचारलं तर म्हणायच्या, "मापं घेतली होती, कापड पुरलं नाही." मग पुढचं कुणी विचारायचं नाही.

आणि अंबाडा. त्यांच्या अंबाड्याबद्दल सांगितल्याशिवाय बाईंबद्दल सांगितलं असं होणारच नाही. मोठा, घट्ट, बरोब्बर मधोमध, सकाळी घातलेला संध्याकाळपर्यंत तसाच. मुली म्हणायच्या, बाई फळ्याकडे तोंड करून उभ्या असल्या तरी आपल्याकडे बघतायत असं वाटतं.

तर हंड्यावरचं ते झाकण, म्हणजे ती थाळी. बाईंचा भाचा, म्हणजे धाकट्या भावाचा मुलगा, कॉम्प्युटरच्या नोकरीवर अमेरिकेत गेला होता. तिकडे लोक म्हणे रानात झाडांमधून वाट काढत थाळी फेकत जातात. ठिकठिकाणी खांबाला साखळ्या आणि त्याखाली टोपली टांगलेली असते. कमीत कमी फेकींत ज्याची थाळी टोपलीत पडली तो जिंकला. गोल्फसारखंच आहे, असं भाच्याने समजावलं. गोल्फ तरी आम्ही कुठे पाहिलं होतं! एका सुट्टीत तो बायकोला घेऊन आत्याकडे आला, मागच्या माळावर थाळ्या फेकून दाखवल्या, बायकोला डासांनी फोडून काढल्यावर ठरल्याआधीच निघून गेला, आणि थाळ्या इथेच राहिल्या. त्यातल्या प्लॅस्टिकच्या होत्या त्या आमच्या कातळावर आपटून पहिल्याच हिवाळ्यात तडकल्या. रबराच्या टिकल्या. तेव्हापासून बाईंनी भाच्याला कळवून टाकलं होतं की पाठवायची तर रबराचीच पाठव, बाकी चॉकलेटं वगैरे तुझ्या आईला दे.

घरामागे वडिलोपार्जित माळाची एक पट्टी होती. वर कातळ, खाली ओढा, मधे फणस, साग, जांभूळ आणि करवंदीची जाळी. तिथे बाईंनी आपलं मैदान मांडलं. बुरुडाकडून टोपल्या आणल्या, हायवेवरच्या सायकलवाल्याकडून गंजलेल्या चेनी आणल्या, आणि झाडाझाडाला टांगल्या. थाळी चेनींवर आदळली की छन्न आवाज व्हायचा आणि ती खाली टोपलीत पडायची. संध्याकाळी तो आवाज आला की गावात कळायचं, बाई माळावर आहेत.

सुरुवातीला लोकांना वाटलं, हे वानरांसाठी आहे. शेजारच्या वाडीतला एक शेतकरी तर खरंच बोलवायला आला. म्हणाला, "बाई, आमच्याकडेपन दोन फेका ना. वानरांनी एक शेंग ठेवली नाय." बाई गेल्या. दोन नाही, चांगल्या सहा-सात फेकल्या. वानरं फांदीवर बसून बघत राहिली. शेवटी एक थोराड हुप्प्या खाली उतरला, त्याने थाळी उचलली, हुंगली, कडेला कडकडून चावला आणि टाकून निघून गेला. बाईंनी ती थाळी जपून ठेवली आणि तिचं नाव ठेवलं इन्स्पेक्टर. दातांच्या खुणांमुळे ती कुठे जाईल ते तिलाही ठाऊक नसायचं.

नावं सगळ्यांनाच होती. एक मामी होती. ती नीट सरळ निघायची, भलं लांब जायची आणि अगदी शेवटी माहेराकडे, म्हणजे डावीकडे, वळायची. एक हेडमास्तर होते, ताठ, कडक, वाऱ्याला न जुमानणारे. आमच्या खऱ्या हेडमास्तरांना हे कळलं होतं की नाही, देव जाणे.

अमेरिकेहून कुणाबरोबर तरी थाळ्या आल्या की घरात एखाद्या मुलीच्या पसंतीचा कार्यक्रम असावा तसं वातावरण व्हायचं. बाई पडवीत जुनी साडी अंथरायच्या आणि एकेक थाळी हातात घ्यायच्या. मधे बोललेलं चालायचं नाही. कडेखाली अंगठा दाबून बघायच्या. मग भाकरी दुमडावी तशी दुमडून सोडायच्या आणि किती चटकन सरळ होते ते बघायच्या. वास घ्यायच्या. फरशीवर पालथी ठेवून चारी बाजूंनी टिचकी मारायच्या. एका बाजूने उचलली गेली तर ती लंगडी, ती बाद. आणि हे सगळं सकाळच्या गारव्यात एकदा आणि दुपारी उन्हात पुन्हा, कारण रबर उन्हात सैलावतं. "सकाळची शहाणी दुपारी वेडी निघते," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. कापड आणि रबर दोन्ही डोळ्याला कळत नाही, अंगठ्याला कळतं, असं त्यांचं म्हणणं होतं.

निवडलेली थाळी लगेच फेकायची नाही. साच्याची बारीक शीर कडेला राहिलेली असायची, ती धुण्याच्या दगडावर घासून काढायची. मग आठवडाभर ती हंड्यावर झाकण म्हणून राहायची. "घरात वावरू दे. माणसांचा हात लागू दे," म्हणायच्या. त्यानंतर रोज सकाळी चहाला उकळी येईस्तोवर तिला मळायचं, म्हणजे कडेकडेने हळूहळू वाकवायचं. आणि मग झोडपायचं. आधी फणसाच्या खोडावर, मग सागावर, मग कातळावर. हा क्रम चुकलेला त्यांना खपत नसे.

एवढी महागाची, सातासमुद्रापलीकडून आलेली वस्तू कशाला झोडपायची, असं मी एकदा विचारलं. बाईंनी मला कातळावर बसवलं आणि सांगितलं, "नवी थाळी उजव्या हाताने फेकली की शेवटी डावीकडे ओढते. तिला तिचंच खरं करायचं असतं. झोडपून कड जरा मऊ पडली की ती सरळ जायला लागते. जास्त झोडपली तर उजवीकडे लोळण घेते, मग ती कामातून गेली. मुरणं आणि कुजणं यात मिठाएवढाच फरक असतो बघ."

ही मापं त्या माणसांनाही लावायच्या. माझ्या पहिल्या वर्षी नववी ब ने मला रडकुंडीला आणलं होतं. एक दिवस घरी येऊन खरंच रडले. बाईंनी समजूत वगैरे काही काढली नाही. एक नवी थाळी माझ्या हातात दिली आणि म्हणाल्या, फणसावर मार. अंधार पडेपर्यंत मी मारली. फणसाला दहातली एक लागत होती. परत आल्यावर भात वाढताना म्हणाल्या, "अजून डावीकडे ओढतेस. होईल." मला राग आला होता, पण भात मी दोनदा मागून घेतला.

अशी चार वर्षं छान गेली. मग बाईंचा खांदा गेला.

एकदम नाही गेला. आधी वरच्या फळीवरचा डबा काढताना हात अडायला लागला. मग कपडे वाळत घालता येईनात. बाईंनी महिनाभर कुणाला पत्ता लागू दिला नाही, डाव्या हाताने भागवलं. एका सकाळी मी चहाला गेले तर त्या आरशासमोर केस मोकळे सोडून बसल्या होत्या. उजवा हात छातीच्या वर जाईना. त्यांनी फणी माझ्यापुढे धरली आणि मान फिरवली. इतके लांब, जड केस मी कधी हातात धरले नव्हते. मी कसाबसा अंबाडा घातला. दुपारी तो मानेवर आला होता, तरी बाईंनी त्याला हात लावला नाही.

महाडला चवदार तळ्याजवळ हाडांचे एक डॉक्टर होते. त्यांनी सांगितलं, खांदा गोठलाय. बरा होईल, पण वर्षही लागेल. भिंतीवरून बोटं चढवा, वाकून हात लोंबता ठेवा आणि हवेत गोल काढा, रोज. फेकाफेकी बंद. त्याच मे महिन्यात त्या शाळेतून निवृत्त झाल्या. म्हणजे शाळा गेली आणि माळही गेला, दोन्ही एकदमच.

आणि तेवढ्यात डोंबिवलीहून त्या धाकट्या भावाचा, भाच्याच्या वडिलांचा, फोन आला. हे गृहस्थ मुळात फार प्रेमळ. पण बँकेने स्वेच्छानिवृत्ती दिली आणि हाताशी काही उद्योग उरला नाही, म्हणून त्यांनी बहिणीचं आयुष्य मार्गी लावायला घेतलं. एसटीडीवर बोलणारी माणसं बोलतात तसे ते मोठ्याने बोलायचे, मला पडवीत बसून सगळं ऐकू यायचं.

"अक्का, तुझे केस कोण विंचरतं?"

"ही विंचरते. माझी भाडेकरू."

"तिचं लग्न ठरलंय म्हणालीस ना? ती गेल्यावर कोण विंचरणार?"

बाई फोनची वायर बोटाभोवती गुंडाळत राहिल्या. माझं लग्न खरंच ठरलं होतं. मुलगा बिरवाडीत राहून एमआयडीसीत नोकरी करत होता आणि मार्गशीर्षात मी तिकडे जाणार होते. भाऊ पुढे म्हणाले, स्वतःचे केस स्वतःला बांधता येत नाहीत त्या माणसाने एकटं राहू नये. दिवाळीला येतो, घर बंद करू, सामान काय न्यायचं ते बघून ठेव. बाई "बघू" म्हणाल्या आणि फोन ठेवला.

त्या संध्याकाळी आम्ही दोघी मागच्या पायरीवर बसलो होतो. बाई माळाकडे बघत म्हणाल्या, "डोंबिवलीला मला काही कमी पडणार नाही गं. तो जीव लावेल, भावजयही चांगली आहे. पण तिथे मी कुणाची तरी बहीण, कुणाची तरी नणंद. इथे मी मी आहे. आणि एकदा गेले की परत येणं व्हायचं नाही, हे मला पक्कं ठाऊक आहे."

मला भडभडून आलं. लग्न पुढे ढकलते असं मी म्हणाले सुद्धा. त्यावर त्यांनी मला असं काही झापलं की पुन्हा तो विषय काढला नाही.

त्यांचा बेत साधा होता. वर्ष लागेल म्हणणारे डॉक्टर भित्रे असतात, दिवाळीपर्यंत हात वर जाईल. गेला की मामी आहे, हेडमास्तर आहेत, मुरलेल्या थाळ्या आहेत, त्या आपसूक हात ओळखतील. तोवर थाळ्या पडवीत खुंटीला टांगलेल्या होत्या. बाई येताजाता त्यांच्यावरून बोट फिरवायच्या.

आता आमच्या शेजारच्या काकूंबद्दल सांगायला हवं. सोन्यासारखं माणूस. बाईंचा हात गेल्यापासून पाणी भरणं, झाडलोट, सगळं न सांगता करायच्या. मेच्या अखेरीस बाई तपासणीला महाडला गेल्या आणि रात्री ओळखीच्यांकडे राहिल्या. काकूंची पावसाळ्याआधीची कामं चालू होती. इकडे कोकणात पावसाआधी गंजण्याकुजण्याजोगं जे जे असेल त्याला खोबरेल चोपडतात. कोयते, विळे, कुलपं, बिजागऱ्या. काकूंनी स्वतःच्या घरचं आटपलं आणि मग बाईंकडे वळल्या. खुंटीवरच्या थाळ्या बघितल्या. धूळ बसलेली, बारीक चिरा पडलेल्या. काकूंना वाईट वाटलं. त्यांनी थाळ्या धुतल्या, पुसल्या, एकेकीला भरपूर तेल चोळलं, गोणपाटात गुंडाळल्या आणि चुलीवरच्या माळ्यावर उबेला ठेवून दिल्या.

रबराला तेल म्हणजे विष. हे काकूंना कुणी सांगितलं असणार? मला तरी कुठे माहीत होतं. मी बाजारातून आले तेव्हा काकूंनी मोठ्या कौतुकाने सांगितलं आणि मीही म्हणाले, बरं केलंत.

आठ-दहा दिवसांनी बाईंना थाळ्यांची आठवण आली. गोणपाट सोडलं तर आत सगळ्या फुगलेल्या, एकमेकींना चिकटलेल्या, कडा भिजलेल्या आंबोळीसारख्या लिबलिबीत. मामी हेडमास्तरांपासून सुटेना. इन्स्पेक्टरच्या अंगावरचे वानराचे दात बुजून गेले होते.

काकू दारातच उभ्या होत्या. "सुकल्या होत्या गो बाय. कोयत्याला लावते तसाच तेल लावला," एवढंच बोलल्या आणि डोळ्याला पदर लावला.

बाईंनी त्या गोळ्यावरून एकदा अंगठा फिरवला. मग काकूंना म्हणाल्या, "तू जपायला लावलंस ना? मग झालं." काकू गेल्यावर मात्र त्या आतल्या खोलीत जाऊन पडल्या आणि दोन दिवस धड जेवल्या नाहीत. मला वाटलं, संपलं. आता या स्वतःच डोंबिवलीला फोन करतील.

फोन केला, पण अमेरिकेला. तोही बिल किती येईल याची पर्वा न करता. भाच्याला सांगितलं की नव्या थाळ्या पाठव, आणि तुझ्या बापाला यातलं काही कळता कामा नये.

आषाढात थाळ्या आल्या. बाहेर पाऊस नुसता धोधो कोसळत होता. बाईंनी पडवीत साडी अंथरली आणि पहिली थाळी उचलली. डाव्या हाताने. मला वाटलं, उजवा दुखतोय म्हणून. पण त्या डाव्याच अंगठ्याने कड दाबत होत्या, सोडत होत्या, पुन्हा दाबत होत्या. "या हाताला काहीच कळत नाही गं," म्हणाल्या. "अगदी कोरा आहे." आणि हसल्या. खांदा गोठल्यापासून त्यांचं हसणं मी ऐकलं नव्हतं.

निवडायला त्यांना तीन दिवस लागले. एक थाळी हंड्यावर गेली.

मग अख्खा पावसाळा पडवीत गेला. सकाळी चहा उकळेपर्यंत डाव्या हाताने थाळी मळायची. भिंतीवर बोटं चढवणं त्यांना जमलं नाही. भिंत काय उत्तर देते, म्हणायच्या. पण डॉक्टरांनी सांगितलेले गोल त्या थाळी हातात धरून काढायच्या. टेबलाला टेकून वाकायचं, उजवा हात खाली सोडायचा, हातात थाळी, आणि हळूहळू गोल. आधी ताटलीएवढा, मग परातीएवढा. दुखलं की ओठ आवळायच्या. पडवीच्या एका टोकाला जुन्या गाद्यांची भिंत केली होती, तिच्यावर डाव्या हाताने फेकायचं. गाद्या सोडून त्यांनी सगळं फोडलं. कंदिलाची काच, माझी बरणी, देवघराच्या खिडकीची झडप. एकदा थाळी थेट काकूंच्या अंगणात गेली. काकूंनी ती उचलली, पदराने कोरडी केली आणि दोन बोटांत धरून घेऊन आल्या, म्हणाल्या, "याला मी हात नाय लावलाय हां, फकस्त उचलली."

नवरात्र सरलं, पाऊस उघडला. माळावर कंबरभर गवत होतं. एका सकाळी बघते तो काकू आणि त्यांची जाऊ विळे घेऊन गवत कापतायत. कुणी सांगितलं नव्हतं. टोपलीपासून टोपलीपर्यंत सरळ वाटा त्यांनी मोकळ्या केल्या.

पण माळ आता उलटा झाला होता. डाव्या हाताने फेकलेली नवी थाळी उजवीकडे ओढते. इतकी वर्षं बाई जांभळीपाशी थाळी डावीकडे वळवून तिसरी टोपली गाठायच्या. आता थाळी निघायची आणि थेट करवंदीच्या जाळीत. मी जाळीत शिरून काढायची, हात ओरबाडून घ्यायची, बाई वरून सूचना द्यायच्या. एकदा वैतागून मी म्हणाले की जुन्या थाळ्या असत्या तर एवढं झालं नसतं. बाई म्हणाल्या, "जुन्या असत्या तर मी उजव्या हाताची वाट बघत बसले असते. काकूने तेल लावलं ते बरंच झालं." हे त्यांनी मुद्दाम मोठ्याने म्हटलं, कारण काकू पलीकडे गवताचे भारे बांधत होत्या.

अंबाडा मात्र अजून मीच घालत होते. उजवा हात आता खांद्याच्या वर, कानापर्यंत जायचा. त्याच्या मागे जायचा नाही. मला रात्री झोप लागायची नाही. थाळी टोपलीत पडली काय नि करवंदीत पडली काय, भाऊ केसांचंच विचारणार, हे दोघींनाही ठाऊक होतं.

धनत्रयोदशीला भाऊ आले. एका हातात फराळाची पिशवी, दुसऱ्या हातात मोठी सूटकेस. सूटकेस हलकी होती, ते ती सहज उचलत होते. बहिणीचं सामान भरायला रिकामी आणली होती. मला तिच्याकडे बघवेना.

बाईंनी वाद घातला नाही. दुपारी त्यांना माळावर नेलं. डाव्या हाताने फेकलेली पहिली थाळी जांभळीपाशी उजवीकडे वळली आणि चेनींवर छन्न वाजली. भाऊ तोंड उघडं टाकून बघत राहिले. मग बाईंनी एक थाळी त्यांच्या हातात दिली. त्यांची पहिली करवंदीत गेली, दुसरी ओढ्यात. बँकेतल्या माणसाला हरणं पचत नाही. पँट दुमडून ते स्वतः ओढ्यात उतरले. संध्याकाळी आम्ही हाका मारून थकलो तरी ते फणसाखाली उभे राहून फेकतच होते. जेवताना मात्र पुन्हा तेच म्हणाले, "हे सगळं छान आहे अक्का. पण रोजचं काय? सकाळ कोण काढणार तुझी?"

दुसऱ्या दिवशी नरकचतुर्दशी. पहाटे अभ्यंगाचं तेल, उटणं, सगळं झालं. मी नेहमीसारखी फणी घेऊन बाईंच्या खोलीपाशी गेले, तर दार आतून लावलेलं. हाक मारली. आतून उत्तर आलं, "तू जा. फराळाचं काढ."

फराळाची ताटं मांडून झाली, चहा निवला, भाऊ दोनदा दाराकडे बघून आले. आतून आरसा सरकवल्याचा आवाज यायचा, कधी केसांचा आकडा खाली पडल्याचा. एकदा बाई कण्हल्या. भाऊ उठले, तशी मी त्यांना हाताने थांबवलं. का थांबवलं मला माहीत नाही.

दार उघडलं. बाई बाहेर आल्या त्या घामाने डबडबलेल्या. आणि अंबाडा होता. डाव्या हाताने गुंडाळलेला, उजव्याने कानापाशी कसाबसा धरून ठेवलेला, मधोमध सोडून उजव्या कानाच्या मागे गेलेला, एका बाजूला फुगलेला. बाई पाटावर बसल्या आणि चकली उचलली.

भाऊ पुढे वाकून अंबाडा बघायला लागले. शेवटी म्हणाले, "वाकडा झालाय."

"झालाय ना?" बाई म्हणाल्या.

अंबाड्यातून एक आकडा सुटून बाईंच्या खांद्यावर आला होता. भाऊ उठले, बहिणीच्या मागे गेले, आकडा उचलला आणि हळूच परत खोचला. मग जागेवर येऊन बसले आणि निवलेला चहा पिऊन टाकला. त्यांचे डोळे भरले होते, माझे तर वाहतच होते. काकू दारातून हे सगळं बघत होत्या, त्यांनी तर सरळ हुंदकाच दिला.

भाऊबीज करून भाऊ निघाले. सूटकेसमध्ये काकूंनी कोकमं, तांदूळ आणि पोह्यांचे पापड भरले होते. वरून बाईंनी एक नवीकोरी थाळी ठेवली, निवडून ठेवलेल्यातली.

"पाण्याच्या पिंपावर झाकण म्हणून ठेव," त्या भावाला म्हणाल्या. "घरात वावरू दे. मुरली की घेऊन ये."

मार्गशीर्षात माझं लग्न झालं आणि मी बिरवाडीला गेले. शिमग्याला बाईंना भेटायला पोलादपूरला आले, तर माळावरून छन्न छन्न आवाज येत होता आणि पाठोपाठ भावाबहिणीचं भांडण ऐकू येत होतं. कडेवर अडकलेली थाळी टोपलीत पडली असं धरायचं की नाही, यावरून. बाईंचा अंबाडा मधोमध आला होता, अगदी पहिल्यासारखा नाही, पण जवळपास. भावाने डोंबिवलीहून आणलेली थाळी मी पायरीवरून उचलली. अंगठ्याने कड दाबून बघितली, छान मऊ पडली होती. तिच्यावर चहाच्या कपाचे गोल गोल डाग होते.